बर्फावरचा न्याय आणि बांधावरची कुरकूर

दर चार वर्षांनी फेब्रुवारी महिन्यात एक विलक्षण गोष्ट घडते. ज्यांनी उभ्या आयुष्यात बर्फ पाहिला तो रसवंतीच्या गुऱ्हाळावर, किंवा फार तर लग्नघरी गोणपाटात गुंडाळून आणलेल्या लादीच्या रूपाने, अशी माणसे बर्फाच्या नळीतून ताशी शंभर किलोमीटरहून अधिक वेगाने घसरणाऱ्या एका अनोळखी युरोपीय गृहस्थाची चूक काढू लागतात. अकोला-वाशीम मार्गावरील मेडशीसारख्या गावात, बाहेर हरभरा घाट्यावर आलेला असताना, एखादा शिक्षक अथवा कारकून भ्रमणध्वनीच्या इवल्याशा पडद्याकडे पाहत अधिकारवाणीने सांगू लागतो की, त्या वळणावर त्याने खांदा उगाच उचलला. पंधरा मिनिटांपूर्वी त्याला या खेळाचे नावही ठाऊक नव्हते. आणि मौज अशी की, त्याचे निदान बहुधा बरोबर असते.

अशा प्रेक्षकाची थट्टा करणे सोपे आहे. घरी नळाला पाणी नाही, आणि हा बसला आहे कर्लिंग पाहत, असे म्हणून हसण्याजोगेच ते दृश्य असते. पण थोडा विचार केला तर या अपरिचित खेळांच्या आकर्षणाचे रहस्य आणि आपल्या दैनंदिन कुरकुरीचे मूळ ही दोन्ही एकाच जागी सापडतात, असे म्हणावयास हरकत नाही. ती जागा म्हणजे मोजमाप.

कर्लिंगचेच उदाहरण घ्या. जवळजवळ वीस किलो वजनाचा एक गोल, गुळगुळीत दगड; जात्याच्या तळीला वर मूठ बसवावी तसा त्याचा आकार. हे दगड मुख्यतः स्कॉटलंडच्या किनाऱ्याजवळच्या एल्सा क्रेग नावाच्या लहानशा बेटावरील ग्रॅनाइटचे करतात. ज्या बर्फावरून तो सरकावयाचा त्यावर आधी पाण्याचे बारीक थेंब शिंपडून मुद्दाम खरबरीतपणा आणलेला असतो. आपल्याकडे टाकी लावून जाते खरबरीत करीत, तसाच हा प्रकार. दगड सोडल्यावर दोन खेळाडू त्याच्यापुढे कुंच्याने बर्फ घासत धावतात. घासण्याने बर्फाचा पृष्ठभाग किंचित तापतो, घर्षण घटते, दगड दूरवर आणि अधिक सरळ जातो. एवढाच तो खेळ. पण त्यात एक संकेत असा की, धावताना खेळाडूचा पाय अथवा कुंचा चालत्या दगडाला लागला तर त्याने तो दोष आपण होऊन जाहीर करावयाचा असतो. पंचाने पाहिले की नाही हा प्रश्न गौण. आपल्याकडील कोणत्याही रांगेत हा संकेत लागू करून पाहिल्यास रांगेत किती जण शिल्लक राहतील, याचा अंदाज वाचकांनीच करावा.

किंवा बायथलॉन. पाठीवर बंदूक घेऊन बर्फावरून काही किलोमीटर धावत यावयाचे आणि छाती धपापत असताना पन्नास मीटर अंतरावरच्या पाच लहान वर्तुळांवर नेम धरावयाचा. स्प्रिंटसारख्या शर्यतीत जितके नेम चुकतील तितक्या वेळा दीडशे मीटरच्या फेऱ्या शिक्षा म्हणून मारावयाच्या. चूक सर्वांसमोर, शिक्षा तत्काळ, आणि शिक्षेचे माप सर्वांना एकच. ही सुटसुटीत दंडसंहिता कळावयास कायद्याची पदवी लागत नाही. म्हणूनच नवखा प्रेक्षक पाव तासात पंच होऊन बसतो. २०१४ साली रशियातील सोची येथे स्त्रियांच्या डाउनहिल शर्यतीत स्वित्झर्लंडची डॉमिनिक गिसिन आणि स्लोव्हेनियाची टीना माझे या दोघींची वेळ शतांश सेकंदापर्यंत एकच भरली, तेव्हा दोघींनाही सुवर्णपदक देण्यात आले. २०१८ साली दक्षिण कोरियात प्यॉंगचांग येथे दोघांच्या बॉबस्ले शर्यतीत जर्मनी आणि कॅनडा यांच्या चारही फेऱ्यांची बेरीज तंतोतंत सारखी निघाली. तेथेही सुवर्ण दोघांना. यंत्राने सांगितले, सर्वांनी ऐकले, वाद मिटला.

तेथे वाद होतच नाहीत असे मात्र कोणी समजू नये. बर्फावरची माणसेही माणसेच आहेत. परंतु वाद मांडण्याची रीत ठरलेली आहे. डोंगरउतारावरील स्कीइंगच्या शर्यतीत स्पर्धकाला बाद ठरविले, तर निर्णय जाहीर झाल्यापासून पंधरा मिनिटांच्या आत लेखी हरकत घेता येते. हरकतीबरोबर शंभर स्विस फ्रँकची अनामत ठेवावी लागते, आणि हरकत योग्य ठरली तर ती रक्कम परत मिळते. म्हणजे कुरकुरीलाही तेथे एक मुदत आहे, एक टेबल आहे, आणि तिची किंमत मोजावयाची तयारी अपेक्षित आहे. ही व्यवस्था नसती तर बर्फावरचा खेळाडू आणि बसथांब्यावरचा उतारू यांत फारसा फरक उरला नसता.

यशाचा नेहमीच गुणवत्तेशी संबंध असतो असे येथे सुचवावयाचे नाही. २००२ साली अमेरिकेत सॉल्ट लेक सिटी येथे एक हजार मीटरच्या शॉर्ट ट्रॅक स्केटिंगच्या अंतिम फेरीत ऑस्ट्रेलियाचा स्टीव्हन ब्रॅडबरी सर्वांत मागे होता. शेवटच्या वळणावर पुढचे चौघेही एकमेकांत अडकून कोसळले, आणि मागून सावकाश आलेल्या ब्रॅडबरीने रेषा ओलांडून सुवर्णपदक घेतले. दारात झोंबाझोंबी चालली असता मागच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणाऱ्या आपल्या उतारूला या गृहस्थाविषयी विशेष आपुलकी वाटल्यास नवल नाही. फरक इतकाच की, ब्रॅडबरीने नियम मोडला नव्हता.

आता आपल्या देशाची बाजू. हिवाळी ऑलिम्पिकमध्ये भारताचे नाव पहिल्यांदा लागले ते १९६४ साली इन्सब्रुक येथे, पोलिश वंशाच्या जेरेमी बुजाकोव्स्की या स्कीपटूमुळे. त्यानंतरचा इतिहास त्रोटक आहे. परंतु त्यात शिवा केशवन हे एक नाव ठसठशीत आहे. मनालीजवळच्या या मुलाने १९९८ साली जपानमधील नागानो येथे वयाच्या सोळाव्या वर्षी ल्यूज शर्यतीत भाग घेतला आणि पुढे २०१८ पर्यंत ओळीने सहा हिवाळी ऑलिम्पिक स्पर्धा तो खेळला. देशात ल्यूजची कृत्रिम बर्फाची धाव नसल्यामुळे घसरगाडीला चाके लावून तो हिमालयातील डांबरी रस्त्यांवर सराव करी. वाटेत शेळ्यामेंढ्या आणि मालमोटारी. योगायोग असा की, वाशीम जिल्हा अकोल्यापासून वेगळा झाला तोही १९९८ सालीच, १ जुलै रोजी. म्हणजे केशवन पहिल्यांदा घसरला तेव्हा मेडशी अकोला जिल्ह्यात होती. नव्या जिल्ह्याने आणि या एकांड्या खेळाडूने आपापल्या परीने मार्ग काढण्यास एकाच वर्षी आरंभ केला. २०१८ साली केशवनने निवृत्ती घेतली, आणि त्याच वर्षी वाशीमचे नाव केंद्राच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आले. आकांक्षित हा शब्द मोठा सुसंस्कृत आहे. पूर्वी याच अर्थी मागास म्हणत.

केशवनची खरी कसोटी बर्फावर झाली नाही, ती कचेरीत झाली. डिसेंबर २०१२ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने भारतीय ऑलिम्पिक संघटनेला निलंबित केले. संघटनेची निवडणूक ऑलिम्पिक सनदेच्या नियमांप्रमाणे होत नाही, हा त्यातील मुख्य आक्षेप होता. पुन्हा नियमाप्रमाणे निवडणूक घ्यावी, अशी अट होती. पण ती पुरी होण्यास चौदा महिने लागले. सोचीच्या उद्घाटनास ७ फेब्रुवारी २०१४ रोजी तिघे भारतीय खेळाडू तिरंग्याविना, ऑलिम्पिकच्या ध्वजाखाली चालले. निवडणूक झाली ती ९ फेब्रुवारीस. केशवनची शर्यत संपली तीही ९ फेब्रुवारीसच. निलंबन उठले ११ फेब्रुवारीस. सहस्रांश सेकंदाचा हिशेब ठेवणाऱ्या खेळातील माणसाचा ध्वज त्याच्याच देशातील पदाधिकाऱ्यांच्या चालढकलीमुळे दोन दिवसांनी हुकला. सोबतच्या दोघांच्या शर्यती नंतर होत्या, म्हणून त्यांना तो लाभला. ज्याला कोणत्याही दाखल्यासाठी साहेब बैठकीला गेले आहेत, सोमवारी या, हे वाक्य ऐकावे लागले आहे, त्याला या प्रसंगाचे मर्म निराळे समजावून सांगावयास नको.

येथून मेडशीच्या फाट्यावर यावयास वेळ लागत नाही. आपल्याकडच्या कुरकुरी कशाच्या असतात? एस. टी. वेळेवर येत नाही आणि आली तर थांबत नाही. दुकानदार सुट्या पैशांऐवजी चॉकलेट हातावर ठेवतो. सेवाकेंद्रात सर्व्हर बंद असतो. आपला तालुका मालेगाव आहे असे सांगितले की ऐकणाऱ्याला नाशिक जिल्ह्यातले मालेगाव वाटते. मग जहाँगीर हा शब्द जोडून समजूत घालावी लागते, आणि तरीही एखादे टपाल सह्याद्री पाहून येते. यांतील एकेक गोष्ट क्षुल्लक आहे. कोणी त्यासाठी मोर्चा काढणार नाही, काढूही नये. परंतु कुरकूर करणारा मनुष्य नेमके काय म्हणत असतो हे कान देऊन ऐकले, तर तो गैरसोयीविषयी फारसे बोलतच नसतो, असे आढळून येईल. उन्हातान्हात तासभर उभे राहण्याची त्याला सवय आहे. त्याचे म्हणणे असते की, बस किती वाजता येणार हे कोणी सांगत का नाही. माझ्यानंतर आलेल्याचे काम आधी कसे झाले. नियम काय आहे तो एकदा दाखवा. ही तक्रार दुःखाची नसून मापाची आहे.

पुष्कळदा असे म्हणतात की, मोठ्या अन्यायाविरुद्ध उठण्याचे बळ नाही म्हणून आपला मध्यमवर्ग लहानसहान गोष्टींवर चडफडतो. या म्हणण्यात काही तथ्य आहे. पण लहान आणि मोठे यांच्यामधली भिंत वाटते तितकी जाड नाही. २०१८ च्या ११ फेब्रुवारीचीच गोष्ट पाहा. प्यॉंगचांग येथे केशवन त्या दिवशी आपली शेवटची धाव संपवून चौतिसाव्या स्थानावर निवृत्त झाला. त्याच दिवशी मराठवाडा आणि विदर्भात गारपीट झाली. वाशीम जिल्हाही तिच्या तडाख्यात सापडला. काढणीला आलेला हरभरा झोडपला गेला, गहू आडवा झाला. चार वर्षांपूर्वी सोचीच्या स्पर्धा संपता संपता सुरू झालेल्या गारपिटीनेही असाच हाहाकार केला होता. हिवाळी खेळ आणि आमचा बर्फ एकाच पंधरवड्याचे सोबती आहेत, हे पंचांगात नसले तरी शेतकऱ्याला अनुभवाने माहीत झाले आहे.

गारा पडल्यावर काय होते? पंचनामा होतो. तलाठी, कृषी सहायक आणि ग्रामसेवक बांधावर येतात आणि नुकसान किती टक्के झाले ते लिहितात. २०१५ साली केंद्र सरकारने मदतीच्या निकषात बदल करून नुकसानीची मर्यादा पन्नास टक्क्यांवरून तेहतीस टक्क्यांवर आणली. हा बदल शेतकऱ्याच्या हिताचा होता, यात शंका नाही. तथापि मर्यादा कोणतीही असो, ती एक रेषा आहे. तिच्या अलीकडे काही नाही आणि पलीकडे मदत आहे. बत्तीस आणि तेहतीस यांमधील तो एक टक्का म्हणजे शेतकऱ्याचा शतांश सेकंद. बर्फावर तो शतांश प्रकाशकिरणांच्या साहाय्याने मोजतात. बांधावर तो बहुधा नजरेने ठरतो, आणि नजरही अशा कर्मचाऱ्याची की, ज्याच्याकडे एकाहून अधिक गावे आहेत, ज्याला आठवड्यात शेकडो शेते उरकावयाची आहेत. त्या कर्मचाऱ्याला दोष देऊन उपयोग नाही. इतका फाटका कापड देऊन अंगरखा शिवावयास सांगितल्यावर शिंपी तरी काय करणार? पण शेजारच्या धुऱ्यापलीकडच्या शेताला पस्तीस आणि आपल्या शेताला तीस टक्के कसे, हा प्रश्न ज्याला पडतो तो कुरकुरा नव्हे. तो पुनर्मोजणी मागणारा स्पर्धक आहे. त्याच्यासमोर पंधरा मिनिटांचे टेबल नाही, एवढेच.

२०२२ सालचा फेब्रुवारीही असाच स्मरणात राहण्याजोगा. बीजिंगच्या स्पर्धांना भारताकडून काश्मीरचा आरिफ खान हा एकटा स्कीपटू गेला होता. गलवानच्या चकमकीत सहभागी असलेल्या सैन्याधिकाऱ्याच्या हाती चीनने मशाल दिली, म्हणून भारताच्या राजदूतावासाच्या प्रमुखाने समारंभांवर बहिष्कार घातला आणि दूरदर्शनने उद्घाटन व समारोप दाखविणार नाही असे जाहीर केले. तो निर्णय योग्यच होता. १३ फेब्रुवारीस जोरदार हिमवर्षावात जायंट स्लॅलमची शर्यत झाली. निम्म्याच्या आसपास स्पर्धक ती पुरीच करू शकले नाहीत. आरिफ खानने ती पुरी केली आणि तो पंचेचाळिसावा आला. त्याच दिवसांत महाराष्ट्रात एस. टी. कर्मचाऱ्यांचा संप चालू होता. २०२१ च्या दिवाळीच्या सुमारास सुरू झालेला तो संप २०२२ च्या एप्रिलपर्यंत रेंगाळला. बस वेळेवर येत नाही अशी ज्यांची वर्षानुवर्षांची कुरकूर होती त्यांना बस मुळीच न येणे म्हणजे काय ते तेव्हा समजले, आणि ज्याच्यावर आपण रोज चिडत होतो त्या वाहकाची स्वतःची तक्रारही किती जुनी होती हेही समजले. कुरकूर दोन्ही बाजूंनी साचत गेली होती, आणि ती वेळीच नोंदवून घेणारे कोणी नव्हते.

रात्रपाळीच्या विजेचे गाऱ्हाणे याच जातीचे. रब्बीच्या दिवसांत कृषिपंपाला एक आठवडा दिवसा आणि एक आठवडा रात्री वीज, असा क्रम ठिकठिकाणी चालत आला आहे. गहू-हरभऱ्याला पाणी द्यावयाचे तर विजेरी घेऊन, कुडकुडत, सापकिरड्याच्या भयात दारे धरावयाची. बायथलॉन कितीही अवघड असला तरी त्यात रानडुक्कर आडवे येत नाही. दिवसा वीज मिळावी म्हणून राज्य शासनाने २०१७ साली सौर कृषी वाहिनीची योजना आणली, तिची दुसरी आवृत्ती २०२३ मध्ये निघाली. या योजनांमागे जी निकड आहे ती कोठून आली? मोठमोठ्या परिषदांतून नव्हे. रात्री दोन वाजता ओल्या पायांनी घरी आलेल्या माणसाने वर्षानुवर्षे जे पुटपुटले, ते कोणीतरी कधीतरी कागदावर उतरविले, तेव्हा ती आली.

कुरकूर कागदावर उतरली की तिची तक्रार होते, आणि तक्रारीला उत्तर द्यावे लागते. आपल्या राज्यात यासाठी कायदा नाही असेही नाही. २०१५ सालच्या महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियमाने अधिसूचित सेवांना मुदत ठरवून दिली आहे. अर्ज दिला की पोच मिळाली पाहिजे. मुदत टळली अथवा अर्ज अकारण फेटाळला तर पहिले अपील, दुसरे अपील आणि शेवटी आयोगाकडे दाद मागता येते. कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला पाचशे ते पाच हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. सेवा, शुल्क आणि मुदत यांचा फलक कार्यालयात लावणेही बंधनकारक आहे. ही जवळजवळ बर्फावरचीच नियमावली झाली. पण फलक कपाटाआड असतो, पोच मागणारा उद्धट ठरतो, आणि पुन्हा याच खिडकीशी काम पडणार आहे या भीतीने मनुष्य अपिलाचा विचार सोडून चहाच्या टपरीवर येतो. तेथे मात्र त्याचे भाषण उत्तम होते. आम्हा शिकलेल्यांचा दोष येथे आहे, आणि तो कर्मचाऱ्यांच्या दोषाहून लहान नाही. ल्यूजच्या घसरगाडीचा नियम आपण पंधरा मिनिटांत आत्मसात करतो. रहिवासी दाखला किती दिवसांत मिळावयास हवा, हे विचारले तर शाळेतल्या किती शिक्षकांना सांगता येईल?

कचेरीतला कारकून आणि खिडकीबाहेरचा अर्जदार हे दोन निराळे वर्ग आहेत, ही समजूतही या ठिकाणी नडते. तोच कारकून संध्याकाळी बसथांब्यावर कुरकुरत उभा असतो, आणि तेथे कुरकुरणारा शिक्षक दुसऱ्या दिवशी शाळा सोडल्याच्या दाखल्यासाठी एखाद्या बापाला तीन खेपा घालावयास लावतो. स्वतःचा पाय दगडाला लागला हे आपण होऊन सांगण्याचा कर्लिंगमधला संकेत कायद्याने आणता येत नाही. तो एखाद्या खिडकीपासून सुरू व्हावा लागतो.

मोजमापाबाबत मात्र कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही, तरतूद आधीच आहे. खरीप पिकांची नजरअंदाज पैसेवारी विदर्भात सप्टेंबरअखेर जाहीर होते, पुढे ती सुधारली जाते, आणि डिसेंबरअखेर अंतिम होते. गावाची पैसेवारी पन्नास पैशांच्या आत की वर, यावर दुष्काळी सवलतींचे पुष्कळसे भवितव्य ठरते. जाहीर झालेल्या आकड्यावर गावकऱ्यांच्या हरकती मागविण्याचीही सोय आहे. म्हणजे बर्फावरच्या त्या पंधरा मिनिटांचे टेबल येथेही मांडलेले असते. ते मांडले जाते ऑक्टोबरच्या तोंडावर, जेव्हा सारे गाव सोयाबीनच्या सोंगणीला शेतात गेलेले असते आणि चावडीच्या भिंतीवरचा कागद वाचावयास कोणीही मागे राहिलेले नसते.